पोलादांतील खांच

शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसास एक मोठी सोय असते. त्याचा एक शब्द आंखूड पडला तर दुसरा मदतीस धांवून येतो. दुसराही अपुरा वाटला तर एखादें विशेषण, एखादी उपमा, आणि अगदींच अडचण आली तर 'एका दृष्टीनें पाहतां' हा आमच्या व्यवसायांतील सनातन वाक्प्रयोग हाताशीं असतोच. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविल्यामुळें या सोयीचा आम्हांस चांगलाच परिचय आहे. पोलादास मात्र ती मान्य नाहीं. त्यांत 10 मिलिमीटर रुंदीची खांच पाडावयाची असेल तर ती 10 मिलिमीटरच असावी लागते. 'एका दृष्टीनें पाहतां 10 मिलिमीटर' अशी खांच अद्याप कोणी पाडलेली नाहीं.

पंचावन्नाव्या वर्षीं आम्ही पोलादांत खांचा पाडावयास शिकत आहों हें ऐकून मित्रमंडळींत बरीच करमणूक झाली. एकानें पेन्शनीचें कसें काय, म्हणून काळजीच्या स्वरांत चौकशी केली. दुसऱ्यानें हा डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम असावा असा तर्क बांधला. घरांतून एवढाच अभिप्राय मिळाला कीं, तेलाचे डाग धोब्याच्यानें निघत नसतात, तेव्हां जुना सदरा घालून जावें. या सर्व मंडळींचें समाधान करण्याचा हा प्रयत्न नव्हे. परंतु या शिकण्याचें जें कारण घडलें, तें केवळ हौशीचें नव्हतें. आणि वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रत्येक घराचा त्याच्याशीं थोडाफार संबंध पोहोंचतो, असें आम्हांस वाटतें.

कोल्हापुरांतील शिवाजी उद्यमनगर ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस तेथील देखावा सांगावयास नको. एका बाजूस ओतशाळेची काळी माती, दुसऱ्या बाजूस बिडाच्या ओतीव भागांचे ढीग, मध्यें जेमतेम एक टेम्पो जाईल एवढा रस्ता, आणि दोहों अंगांस दोन-तीन यंत्रांचे लहान लहान कारखाने. अशाच एका कारखान्यांत आमच्या परिचयाचे एक मिस्त्री आहेत. त्यांनीं सत्तरी ओलांडली आहे. मुलें शिकून पुण्यास नोकरीला लागलीं. कारखाना चालविणारें मागें कोणी नाहीं. वर्षअखेर दार कायमचें बंद करावयाचें असें त्यांनीं ठरविलें आहे, आणि त्यांचें मिलिंग मशीन एका भंगारवाल्यानें किलोच्या भावानें मागितलें आहे. यंत्राचें वजन करतां येतें. पन्नास वर्षें त्या यंत्रापुढें उभें राहून मिस्त्रींनीं जें मिळविलें त्याचें वजन कोणत्या कांट्यावर करावयाचें? तें तर त्यांच्याबरोबरच जाणार. म्हणून आम्हीं त्यांस सुचविलें कीं, तुम्ही सांगा, आम्ही मराठींत लिहून घेतों. मिस्त्रींनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "लिहा की सर. पण आधी स्वतः एक खाच पाडा. न पाडता लिहिलेलं वाचून उद्या कुणाचं बोट गेलं, तर?"

या प्रश्नास वाङ्मयांत उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही जुना सदरा घालून हजर झालों.

ज्या खांचेविषयीं आम्ही बोलत आहों ती दिसावयास अगदीं क्षुल्लक असते. एखाद्या फिरत्या शाफ्टावर चाक, कप्पी किंवा कपलिंग बसवावयाचें असतें. तें नुसतें दाबून बसविलें तर जोर येतांच घसरून शाफ्टाभोंवतीं फिरूं लागेल. म्हणून शाफ्टाच्या अंगांत एक लांबट खांच पाडतात, तिच्यासमोर चाकाच्या भोंकांतही एक खांच ठेवितात, आणि दोहोंच्या मध्यें पोलादाची एक चौकोनी पट्टी बसवितात. तिला कारखान्यांत चावी म्हणतात. शाफ्टाचा सारा जोर या बोटभर चावींतून चाकास पोहोंचतो. चावी नेहमीं शाफ्टाहून थोडी मऊ ठेवावी असा जाणत्यांचा दंडक आहे. पंपांत दगड अडकला किंवा यंत्रांत कांहीं गुंतलें तर मोठा शाफ्ट मोडण्याऐवजीं लहानशी चावी कापली जावी, हा त्यांतील हेतु. चावी सैल असेल तर दर फेऱ्यास ती खांचेच्या भिंतींवर आपटते, भिंती पसरतात, आणि कांहीं महिन्यांत शाफ्ट निकामी होतो. ती घट्ट असेल तर हातोड्यानें ठोकावी लागते आणि चाक वांकडें बसतें. 35 मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टास 10 मिलिमीटर रुंद चावी लागते. खांच शाफ्टांत 5 मिलिमीटर खोल जाते. आणि रुंदींत जी सवलत मिळते ती 0.036 मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केंसाच्या सुमारें निम्मी. त्या निम्म्या केंसांत कारागिराची सारी अब्रू मावते.

ज्या यंत्रावर ही खांच पाडतात त्याच्या जन्माशींही खांचेचाच संबंध आहे. मिलिंग यंत्राच्या शोधाचें श्रेय पुष्कळ दिवस अमेरिकेंतील ईलाय व्हिटनी यास देत असत; पुढच्या संशोधकांनीं त्या दाव्याची झाडाझडती घेतली, आणि बंदुका बनविणाऱ्या अनेक कारागिरांच्या हातून हें यंत्र हळूहळू घडत गेलें असें आतां मानतात. परंतु ज्यास 'युनिव्हर्सल' मिलिंग यंत्र म्हणतात, त्याची हकीकत स्पष्ट आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या दिवसांत बंदुकांच्या भागांना भोंकें पाडण्यासाठीं पिळाचीं ड्रिलें लागत, आणि त्या ड्रिलांच्या अंगावरील मळसूत्री खांचा कामगार गोल कानशीनें हातानें घांसून काढीत. तें काम कंटाळवाणें, महाग आणि एकासारखें दुसरें न होणारें. त्यावर उपाय म्हणून प्रॉव्हिडन्स गांवच्या ब्राउन अँड शार्प या कारखान्यांतील जोसेफ ब्राउन यानें 1862 सालीं नवें यंत्र सिद्ध केलें. कोणा तत्त्ववेत्त्याच्या चिंतनांतून नव्हे, तर कानशीनें दुखणाऱ्या मनगटांतून तें जन्मास आलें. यंत्रांच्या इतिहासांत असें वारंवार घडलेलें दिसतें. हात शिणतो तेव्हां तो डोक्याला जागें करतो.

मिस्त्रींनीं पहिले आठ दिवस आम्हांस पोलादाला हात लावूं दिला नाहीं. टेबल पुसणें, पकडीचा जबडा टेबलाच्या चालीशीं समांतर आहे कीं नाहीं हें डायल लावून पाहणें, आणि तो नसेल तर ढिला करून, लाकडी हातोडीनें हळूच ठोकून पुनः पाहणें, एवढाच अभ्यासक्रम. हातांत आंगठी नको, बाही लोंबती नको, आणि हातमोजे तर मुळींच नकोत. फिरता कटर मोज्याचें एक सूत पकडतो आणि मागोमाग हात ओढून घेतो. कीस कितीही थोडा दिसला तरी बोटानें काढावयाचा नाहीं, ब्रशानें काढावयाचा, आणि तोही यंत्र थांबवून. हे नियम भिंतीवर कोठेंही लिहिलेले नाहींत. मिस्त्रींच्या उजव्या हाताची तर्जनी एक पेर तोकडी आहे, ती पाहिली कीं ते पाठ होतात.

नंतर कटराची पाळी आली. खांचेसाठीं दोन दांतांचा कटर घेतात. चार दांतांचा अधिक काम करील असें कोणासही वाटेल. परंतु खांचेंत कटर तीन बाजूंनीं वेढलेला असतो, कापलेल्या किसाला बाहेर पडावयास वाट हवी, आणि दांत कमी तितकी वाट मोठी. शिवाय या कटराचा एक दांत मध्यबिंदूच्या पलीकडे गेलेला असतो, म्हणून तो ड्रिलाप्रमाणें सरळ खालींही उतरूं शकतो. खांच 10 मिलिमीटरची असली तरी आरंभीं 8 मिलिमीटरचा कटर लावावयाचा. दहाच्या खांचेस दहाचाच कटर एकदम घातला तर तो थोडा वांकतो, थोडा थरथरतो, आणि खांच नेमकी त्या निम्म्या केंसाच्या बाहेर जाते. आधीं मधोमध अरुंद वाट काढावयाची, आणि मग दोन्ही भिंती एकेक करून मापास आणावयाच्या, हा राजमार्ग.

कटर किती वेगानें फिरवावा याचाही हिशेब आहे. मध्यम कार्बनाच्या पोलादावर हायस्पीड कटराच्या कडेचा वेग मिनिटास 25 मीटरांच्या आंत ठेवावा असा ठोकताळा आहे. 8 मिलिमीटरच्या कटरास त्याचे मिनिटास सुमारें 1000 फेरे येतात. यंत्रावर त्याच्या लगतची खालची पायरी धरावयाची. प्रत्येक दांतानें एका वेळीं 0.03 मिलिमीटरचा घांस घ्यावा. म्हणजे 50 मिलिमीटर लांबीच्या खांचेंत कटराचा मध्य 42 मिलिमीटर सरकतो, त्याला पाऊण मिनिट लागतें, आणि तेवढ्यांत त्याचे दोन दांत मिळून 1400 घांस घेतात. एका खेपेस खोली एकच मिलिमीटर. अशा पांच खेपा.

हे आंकडे आज कोणत्याही पुस्तकांत सांपडतात. ते तेथें कसे आले याची कथा मात्र विद्यार्थ्यांस क्वचित् सांगितली जाते. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्यानें 26 वर्षें धातु कापण्याचे प्रयोग केले. त्यांत 8 लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद यांचा कीस झाला. आणि 1906 सालीं त्यानें तो सारा वृत्तांत आपल्या देशांतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढें मांडला. एखादा चांगला कामगार अंदाजानें जें ठरवितो त्यांत बारा निरनिराळ्या गोष्टींचा विचार गुंतलेला असतो, असें त्यास आढळलें. त्यानें आणि मॉन्सेल व्हाइट यानें तयार केलेलें हायस्पीड पोलाद 1900 च्या पॅरिस प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, तेव्हां हत्याराचें टोंक लालबुंद होऊनही तें कापीतच होतें. टेलरच्या शास्त्रानें कामगाराचा विचार त्याच्याकडून काढून घेऊन कचेरींत नेला, अशी त्यावर टीका झाली आणि ती निराधार नव्हती. तथापि त्याच आंकड्यांनीं आणखी एक गोष्ट सिद्ध होते, तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. ज्यास आपण 'अडाणी अंदाज' म्हणत आलों तो उकलावयास एका बुद्धिमान् माणसाचीं 26 वर्षें खर्ची पडलीं!

यंत्रापुढें उभें राहिलें म्हणजे आंकड्यांच्या पलीकडचे धडे सुरू होतात. टेबल सरकविणारा जो स्क्रू असतो त्याच्या आट्यांत आणि नटांत अंमळ मोकळीक असते. चाक उलटें फिरविलें कीं डायलवरचा आंकडा बदलतो, टेबल मात्र जागचें हालत नाहीं. म्हणून माप चुकून पुढें गेलें तर नुसतें तेवढेंच मागें यावयाचें नसतें. चांगला अर्धा फेरा मागें जाऊन पुनः त्याच दिशेनें मापावर यावें लागतें. कटराची दिशा आणि टेबलाची दिशा एकमेकांस सामोरीं असतील तर कटर पोलादास ढकलतो आणि ही मोकळीक दाबली जाते. दोन्ही एका दिशेनें चाललीं तर कटर पोलादास ओढतो, टेबल त्या मोकळिकेइतकें उडी घेतें, दांतावर एकदम दुप्पट-चौपट घांस येतो, आणि 'टक्' असा आवाज होऊन कटर जातो. भिंती मापास आणतांना म्हणूनच प्रत्येक भिंतीस टेबलाची चाल निराळी ठेवावी लागते. सामोरें जाणारें हत्यार टिकतें आणि ओढीस लागलेलें मोडतें, यावर एखादा कीर्तनकार घटकाभर निरूपण करील. मिस्त्री तेवढ्यावेळांत दुसरी खांच पाडतात.

पोलाद मुकें असतें हा समज आम्हीं तेथें सोडून दिला. कटर बरोबर चालला असला म्हणजे एक अखंड, खालच्या पट्टींतला आवाज येतो. वेग अधिक झाला कीं तो चिरकतो. पकड ढिली असली कीं खडखडतो. दांत बोथट झाला कीं घासल्यासारखा, कोरडा होतो. किसाचा रंगही बोलतो. चांदीसारखा किंवा फिकट गव्हाळ असेल तर सर्व क्षेम आहे. निळसर पडूं लागला म्हणजे हायस्पीड कटराचा अंतकाळ जवळ आला असें समजावें. कारखान्याच्या दाराशीं चहा पीत बसलेले मिस्त्री आंत न पाहतां हांक मारतात, "सर, तेल घाला." आम्ही पाहतों तों कापण्याच्या जागेवरचें तेल खरोखरच सुकलेलें असतें. तीस वर्षें आम्ही मुलांस कवितेंतील नाद ओळखावयास शिकवीत आलों. नाद ओळखण्यावर ज्याची हजारांची वस्तु आणि स्वतःचें बोट अवलंबून आहे, त्याचा कान कसा तयार होतो तें आतां पाहत आहों.

वही भरूं लागली तसा भाषेचा प्रश्न उभा राहिला. कोशकारांनीं यंत्रशास्त्रासाठीं संस्कृतांतून पुष्कळ शब्द घडविले. त्यांतले कित्येक शास्त्रशुद्ध आहेत, आणि छापलेल्या पानावर शोभतातही. परंतु उद्यमनगरांत ते कोणी उच्चारीत नाहीं. तेथें 'जॉब' पकडांत 'बांधतात', कटर 'टेकवितात', माप 'मारतात', 'कट' घेतात, यंत्राची 'चाल' पाहतात. खांचेच्या कडेला उभा राहिलेला धारदार कंगोरा म्हणजे 'बर', आणि चावी जशी हवी तशी शिरली म्हणजे ती 'बसली'. यांतले कांहीं शब्द इंग्रजी आहेत, परंतु वाक्य अस्सल मराठी आहे. ज्यांनीं ते रोज हातांत धरले त्यांनीं ते आपले करून घेतले. शिकलेल्या मंडळींनीं शब्द केले आणि काम करणाऱ्यांनीं काम केलें. दोघांची गांठ मात्र क्वचितच पडली.

ही गांठ न पडण्याचा इतिहास जुना आहे. आमच्याकडे विद्या एका आळींत राहिली आणि कसब दुसऱ्या आळींत. ज्यांस लिहितां येत होतें त्यांनीं भाता फुंकला नाहीं, आणि भाता फुंकणाऱ्यांस लिहूं दिलें नाहीं. त्यामुळें कित्येक पिढ्यांचें ज्ञान बापाच्या हातांतून मुलाच्या हातांत गेलें तेवढेंच टिकलें, आणि जेथें मुलगा नव्हता किंवा मुलानें दुसरी वाट धरली तेथें तें संपलें. या भिंतीस अधूनमधून खिंडारें पडलीं हेंही खरें. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यांत्रिक रेखाटन शिकवीत होते. ते पुढें लोखंडाच्या नांगराकडे वळले, आणि 1910 सालीं औंध संस्थानांतील माळरानावर त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. त्याच कारखान्याच्या आवारांतून 1920 सालीं 'किर्लोस्कर खबर' निघाली, पुढें 1930 त 'स्त्री' आणि 1934 त 'मनोहर' निघालें. मराठी मध्यमवर्गानें हीं मासिकें घरोघर वाचलीं. त्यांतील कथा आणि निबंध वाचतांना ज्या भट्टीशेजारीं तीं छापलीं जात होतीं तिची ऊब किती वाचकांना लागली असेल? कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं दामल्यांसारख्या सहकाऱ्यांस घेऊन चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला, आणि 1920 सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणली. चित्रकाराच्या बोटांस लोखंडाचें वावडें नव्हतें. असे लोक झाले. ते अपवाद म्हणून वंदनीय ठरले, आणि अपवादास नमस्कार करून बाकीचे आपापल्या आळींत परतले.

एका चैत्रांत पंचगंगेकांठचा एक शेतकरी पंपाचा मोडका शाफ्ट घेऊन आला. खांचेच्या कोपऱ्यापासून चीर निघून शाफ्ट तुटला होता. खांचेचा आंतला कोपरा अगदीं धारदार ठेविला कीं जोर नेमका तेथें सांचतो, म्हणून तो जरासा गोलसर सोडावा लागतो. कोणी तरी घाईनें केलेल्या जुन्या कामांत ती काळजी घेतलेली नव्हती. ऊंस उभा होता, पाण्याची पाळी आली होती, आणि पंप बंद. मिस्त्रींनीं लेथवर नवा शाफ्ट कातून दिला आणि तो आमच्या हातीं देऊन म्हणाले, "खाच तुम्ही पाडा." तोंवर आम्हीं भंगाराच्या तुकड्यांवर खांचा पाडल्या होत्या. त्या तुकड्यांची कोणी वाट पाहत नव्हतें. या शाफ्टाची वाट पाहणारा माणूस उंबऱ्यावर बसला होता, आणि त्याचा मोबाइल दर पांच मिनिटांनीं वाजत होता.

मिस्त्री पाठीमागें हात बांधून उभे राहिले. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर बांधला. तेलांत भिजविलेली पातळ कागदाची पट्टी त्याच्या कुशीला चिकटविली, आणि फिरता कटर इतका जवळ आणला कीं त्यानें पट्टी उडविली पण पोलादास स्पर्श केला नाहीं. कागदाची जाडी, शाफ्टाची निम्मी जाडी 17.5 मिलिमीटर आणि कटराची निम्मी जाडी 4 मिलिमीटर यांची बेरीज करून टेबल तितकें सरकविलें, तेव्हां कटर नेमका शाफ्टाच्या माथ्यावर आला. मग पांच खेपा. आवाज खालच्या पट्टींतच राहिला. किसाचे बारीक चांदीचे स्वल्पविराम तेलांत जमूं लागले. पुढें डावी भिंत, पुढें उजवी; आणि शेवटच्या शतांशासाठीं बराच वेळ.

पूर्वीं लंडनमध्यें हेन्री मॉडस्ले या थोर यंत्रकारानें आपल्या कारखान्यांत एक मायक्रोमीटर करून ठेविला होता. त्याचें नांव त्यानें 'लॉर्ड चॅन्सेलर' असें ठेविलें होतें, कारण मापाविषयींच्या तंट्यांत तेंच शेवटचें न्यायासन. मिस्त्रींच्या कारखान्यांत हें पद एका लांकडी पेटींतील स्लिप गेजांकडे आहे. 9.97 चा जोड खांचेंत सहज सरकला, 9.98 चा जेमतेम गेला, 9.99 चा गेला नाहीं. मिस्त्रींनीं कानशीनें कडांचा बर काढला, चावी घेतली, तांब्याच्या हातोडीनें तीन हलके ठोके दिले, आणि ती बसली. शेतकऱ्यानें खांचेकडे पाहिलेंही नाहीं. "झालं न्हवं?" एवढें विचारून, पैसे देऊन, शाफ्ट खांद्यावर टाकून तो निघाला.

त्यानें पाहिलें नाहीं हेंच योग्य होतें. खांचेंत चावी, चावीवर कपलिंग. पंप चालूं लागला कीं ती खांच कोणाच्याही दृष्टीस पडावयाची नाहीं. ती पुनः दिसेल ती बिघडली तरच. आमच्या व्यवसायांत लिहिलेल्याखालीं नांव घालण्याची वहिवाट आहे, आणि नांव दिसलें नाहीं तर पत्रव्यवहारही होतो. पंचगंगेच्या कांठीं पाणी चढत असेल तर त्या खांचेचा लेखक कोण, असें कोणी विचारणार नाहीं. उसाला पाणी मिळालें कीं नाहीं, एवढाच तेथला परीक्षणाचा प्रश्न.

कोणी म्हणेल कीं, संगणकावर चालणारीं यंत्रें आलेलीं असतां हा खटाटोप कशास? मिस्त्रींच्या शेजारच्याच कारखान्यांत तसें यंत्र आहे, आणि तें अशा शंभर खांचा एकासारख्या एक पाडतें. तें पाहून आम्हांस आनंदच होतो. 1862 च्या त्या यंत्राचेंच तें कुलदीपक आहे. परंतु त्या यंत्रालाही वेग किती, घांस किती, कटर कोणता, जॉब कसा बांधावयाचा, हें कोणी तरी सांगावेंच लागतें. आणि तेथील तरुण ऑपरेटराचें यंत्र वेगळ्या आवाजांत बोलूं लागलें कीं तो भिंतीपलीकडे मिस्त्रींकडेच येतो. पुढल्या वर्षीं तो कोणाकडे जाईल?

म्हणून वही चालली आहे. रोज लिहिलेलें मिस्त्री चष्मा पुसून ऐकतात. 'कटर सावकाश खालीं उतरवावा' हें वाक्य आलें तेव्हां त्यांनीं हात वर केला. "सावकाश म्हंजे किती, सर?" आम्हीं त्यांसच विचारलें. ते म्हणाले, मिनिटाला वीस मिलिमीटर. वहींत तसें लिहिलें. 'पकड घट्ट असावी' येथें त्यांनीं सांगितलें, आधीं घट्ट करा, लाकडी हातोडीनें जॉब खालीं बसवा, पुनः घट्ट करा, आणि खालची कागदाची पट्टी ओढून पाहा. निघाली तर बांधणी झाली नाहीं. तसें लिहिलें. एकेक विशेषण जाऊन त्या जागीं एकेक माप आलें, आणि मराठी गद्याचें त्यांत नुकसान झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

एका ठिकाणीं मात्र माप मिळालें नाहीं. शेवटच्या शतांशाला चाक किती फिरवावें, आणि पुरे झालें हें कशावरून ओळखावें, असें आम्हीं विचारलें. मिस्त्री बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं आपला हात पुढें करून पाहिला, जणूं उत्तर तेथें कोठें तरी लिहिलेलें असावें. "हात बसला की कळतंय," ते म्हणाले. आणि तो बसावा कसा? त्याचें उत्तर त्यांनीं दिलें, तें आम्हीं शब्दही न बदलतां वहींत उतरून घेतलें आहे: 'आधी भंगारावर पन्नास खाचा पाडा.'